आवराआवर

“या विश्वात प्रत्येक वस्तूची एक जागा ठरलेली असते,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची कुठं ठेवली ते आठवेना म्हणून मागच्या भिंतीतल्या खिडकीखाली रंगाच्या डब्यावर टेकल्या. डब्याला झाकण नव्हतं. रंग सुकून नऊ वर्षं झाली होती, म्हणून निभावलं.

बारक्या गॅरेजच्या मधोमध उभा होता. वय चाळीस, पण अंगानं पहिल्यापासून काटकुळा, त्यामुळे धंद्यात नाव तेच राहिलं. समोर चार पावलांवर शटर. शटरला बाईंनी आत येताच आतून लावलेलं कुलूप, आणि किल्ली बाईंच्या चष्म्याच्या दोरीला.

“दोनची वेळ ठरली होती. पंचवीस मिनिटं उशीर. कारण?”

बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, हे वेगळं सांगायला नको.

“टेम्पो... बंद पडला होता.”

“सगळ्यांचाच पडतो. लाग कामाला. आधी पाने.”

पाने सायकलीच्या टोपलीत होते. सायकल पाण्याच्या पाइपात गुरफटली होती. पाइपाचं दुसरं टोक कुठं होतं, ते शोधण्यात अर्धा तास गेला.

“आमच्या ह्यांचा हत्यारांवर फार जीव,” बाई म्हणाल्या. “ही पक्कड बघ. अजून नवीच्या नवी. इतकी जपून वापरायचे, की वापरायचेच नाहीत. हे गेले, हत्यारं राहिली. ए, ते ड्रिल पिशवीत का घालतोयस?”

“तेल द्यायला बाजूला काढलं, बाई.”

“तेल इथंच आहे, दुसऱ्या कप्प्यात. आण ती पिशवी. खिळे भरायला बरी पडेल.”

पिशवी गेली.

“बाई, मला पाचच्या आत निघायला हवं.”

“का? पाचला माझा मुलगा येतो. त्याला दाखवूया. फार काटेकोर आहे. एकेक खिळा तपासेल.”

मागे एका घरातून बारक्याला असंच वेळेत निघता आलं नव्हतं. मग सुटायला आठ महिने लागले होते.

तो करवतींकडे वळला. लहान, मोठी, मधली. बाई म्हणाल्या, उंचीप्रमाणे लाव, प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. त्यानं लावल्या.

चारच्या सुमारास त्याचा फोन वाजला. त्याचे दाजी, बहिणीचे यजमान, कोपऱ्यावर टेम्पो घेऊन थांबले होते. आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

“अरे, आवर ना लवकर!”

“आवरतोच आहे, दाजी.”

“दीड तास? अख्खं गॅरेज आवरतोयस का काय?”

“हो.”



“बघ, तुझे साहेबही आवरच म्हणतायत,” बाई मागून म्हणाल्या.

“कोण बोललं रे ते?” दाजींनी विचारलं.

“बाई.”

फोन बंद झाला. बाहेर टेम्पो सुरू झाला आणि आवाज लांब लांब जात संपला.

“गेले?”

“त्यांना फार घाई असते.”

“मग तुला आता कसलीच घाई नाही. मधली फळी पुसून घे.”

बारक्यानं फळी पुसली. पाने ओळीनं टांगले, स्क्रू आकारानं वेगळे केले, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या. त्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना गॅरेजची जमीन पहिल्यांदा दिसली, आणि बाईंचा फोन वाजला.

“हो, मीच बोलतेय. आवरायला पाठवणार होतात तो? अरेरे, पाय मुरगळला? म्हणजे सकाळपासून घरीच पडून आहे... नाही हो, तक्रार कसली! उद्याही नका पाठवू कुणाला. झालं आवरून.”

बारक्याच्या हातातली हातोडी खुंटीपाशी तशीच थांबली.

बाईंनी फोन ठेवला. घड्याळ पाहिलं. मग उठून डबा पायानं बाजूला सारला.

“मुलगा यायला पाच मिनिटं आहेत. आलास त्याच खिडकीतून जा,” त्या म्हणाल्या. “फक्त बाहेर उतरलास की तेवढी ओढून घे हं. मांजर येतं.”