साखरची पकड

साखरनं ढोल्याचा खांदा धरला, तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, खेळताहेत दोघं. मग ढोल्या किंचाळला. कुत्रा असा किंचाळू शकतो हे तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. साखरच्या मालकाला, सोफेवाल्याला होतं.

बॅडमिंटनचा हॉल होता तो. दारं आतून लावून घेतलेली. पालिकेच्या मॅडमनीच तसं सांगितलं होतं, एखादं कुत्रं बाहेर सटकायला नको म्हणून. शहरात पिटबुल पाळू द्यायचे की नाही, हे त्या ठरवणार होत्या आणि त्याआधी ही कुत्री त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. पिटबुलवेड्यांचं हे मंडळ सोफेवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं उभं केलेलं. भिंतीवर बायकोनं रंगवलेले फलक होते. एकात साखर उशीवर घोरतेय, एकात तिच्या डोक्यावर कागदी टोपी. नुकतंच सोफेवाल्याचं भाषण झालं होतं. या जातीला माणसानं झुंजीला लावलं, त्यात या मुक्या जिवांचा काय दोष, असं तो पोटतिडकीनं बोलला होता. मॅडमनी साखरचे कानसुद्धा कुरवाळले होते. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून चेंडू सुटला आणि दोन कुत्र्यांच्या मधोमध घरंगळत गेला.

आता नुसता गोंधळ उडाला होता. कुणी पाण्याची बाटली ओतत होतं, कुणी साखरच्या तंगड्या ओढत होतं, कुणी चपलेनं हाणत होतं. जितकं ओढावं तितकं ढोल्याचं मांस फाटत होतं. बाकीची कुत्री पट्ट्यांना हिसके देत भुंकत होती. ढोल्याचे मालक पोस्टकाका फरशीवर बसले होते. सगळा जन्म पोस्टात गेलेला शांत माणूस.

“अरे, तुझी काकू गेल्यापासून घरात एवढाच जीव आहे रे माझ्या,” ते सोफेवाल्याला म्हणाले.

“अहो, तुमचं ऐकते ती!” बायको ओरडली. “उभे काय राहिलात असे? काहीतरी करा ना!”

सोफेवाला जागचा हलला नाही.

काय करायचं ते त्याला माहीत होतं. तिथे तेवढ्या एकट्यालाच माहीत होतं. तो मामाकडे वाढला, मामाची लाकडाची वखार होती, इतकं त्यानं लग्नाआधीच बायकोला सांगितलं होतं. वखारीखाली तळघर होतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. तळघरात फळ्या ठोकून रिंगण केलेलं होतं. मामाची कुत्री त्यात झुंजायची आणि एकमेकांत रुतलेले त्यांचे जबडे सोडवायचं काम भाच्याचं. सोडवलेलं कुत्रं कोपऱ्यात धरून ठेवायचं आणि खुर्चीवरच्या मामानं खूण केली की पुन्हा सोडायचं. त्यात त्याचा हात बसला होता. मिसरूड फुटेपर्यंत त्याच्या मनगटावर दातांचे इतके वण उठले होते की, पुढे बायकोनं विचारलं तेव्हा सोफे दुरुस्त करताना स्प्रिंगा लागल्या म्हणून त्यानं वेळ मारून नेली. एका पहाटे तो अंगावरच्या कपड्यांनिशी तिथून पळाला. मामा मेल्याचं कळलं तरी परत गेला नाही. रस्त्यात टाकून दिलेलं पांढरं पिल्लू उचलून आणलं, तेव्हा बायको म्हणाली होती, “किती माया आहे हो तुमच्या हाताला!”

आता जबडा उघडला, तर ते हात कुठे तयार झाले हे सगळ्यांना दिसणार होतं. मॅडमना दिसणार, मंडळाला दिसणार आणि बायकोलाही. नाही उघडला, तर ढोल्या जाणार. त्यानं दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती. उघडी असती तर तो कदाचित पुन्हा पळालाही असता.

ढोल्याचं किंचाळणं थांबलं. तोंडातून नुसतं घरघरणं येऊ लागलं.

“बाजूला व्हा सगळे,” सोफेवाला म्हणाला.

हा आवाज बायकोनं कधी ऐकला नव्हता. माणसं आपसूक मागे सरली. त्यानं जाळीजवळ पडलेली रॅकेट उचलली आणि पायाखाली घेऊन तिची मूठ मोडून घेतली. साखरवर तो स्वार झाला. तिची कंबर मांड्यांत आवळली, डाव्या हातानं पट्टा पिळला, उजव्या हातानं मूठ दाढांच्या मागे सारली आणि मनगट फिरवलं. जबडा उघडला. कुलपात किल्ली फिरावी इतक्या सहज.

पोस्टकाकांनी ढोल्याला पोटाशी ओढलं. तो रक्तानं माखला होता, पण श्वास घेत होता. कुणीतरी टाळी वाजवली. कुणी रडू लागलं. कुणी गाडी काढायला दाराकडे धावलं.

“तुम्ही हे कुठे शिकलात?” बायकोनं हळूच विचारलं.

त्यानं ऐकलंच नाही. साखरला मांड्यांत धरून तो पाठीपाठीनं भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत सरकला होता. तिथे त्यानं एक गुडघा जमिनीला टेकला. अंगठ्यानं साखरच्या तोंडातला फेस पुसला. तिचं तोंड ढोल्याच्या दिशेनं वळवलं आणि दोन्ही तळवे तिच्या बरगड्यांवर घट्ट ठेवले. तिचं काळीज त्याच्या हातात धडधडत होतं. टाळी वाजवणारा थांबला.

मग सोफेवाल्यानं मान वर करून खुर्चीवरच्या मॅडमकडे पाहिलं.

“सोडू, मामा?” त्यानं विचारलं.