उद्याच्या हवेचा अंदाज

गंधाली संभाजीनगरात हवेचा अंदाज सांगायच्या नोकरीला होती. ऊन कडक, आभाळ कोरडं आणि वारा पडलेला असला की गाड्यांच्या धुरातून ओझोन तयार होतो आणि छातीला बाधतो, हे तिने जालन्यातल्या माहेरच्या गल्लीच्या ग्रुपवर कितीदा तरी समजावलं होतं. तिकडे कुणी ढुंकून बघत नसे.

शनिवारी तिने लिहिलं, "उद्या जालन्यापर्यंत ढग नाही, वारा नाही. ओझोन फार वाढणार. दुपारी घराबाहेर पडू नका."

आणि काय नवल, अख्ख्या गल्लीने हात जोडले, फुलं पाठवली.

रविवारी दुपारी ती मोठ्या ऐटीत माहेरी आली, तर घरात चिटपाखरू नव्हतं. गच्चीवर जाऊन बघते तो गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया आपापल्या गच्चीवर, भर उन्हात, कुरडया उलटून वाळवत बसलेल्या.

आईने पदराने घाम पुसला. "तुझा अंदाज बिलकुल बराबर निघाला बाई. अंथरलेली साडी जरा हालली न्हाई."

 

आईने पुढची कुरडई उलटली. "आता पापड राह्यलेत. उद्याबी हवा अशीच खराब ठेव."