भुरीच्या नावाची मूठ

भिकुबाईने सव्वा मूठ गहू सुपात टाकले. "हाई यासनी," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. झुलाल ओसरीवर बैलांसाठी दावं वळत बसला होता. पुन्हा सव्वा मूठ पडली. "हाई भूषणनी."

सूप सारिकाने धरलं होतं. उद्या कानबाईचा सण. आज ज्यांच्या नावाने गहू पडतील, त्यांनीच उद्या त्या गव्हाचा रोट खायचा. बाहेरच्याला त्यातला घाससुद्धा द्यायचा नाही. सारिका परजातीची, लग्न कोर्टातलं. वर्षभर भिकुबाईने सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं. भूषणला नरडाण्याच्या कारखान्यात काम लागलं आणि दोघं उन्हाळ्यात गावी राहायला आली. सारिकाला रोटाची भूक नव्हती. या घराने आपल्याला आपलं मानलं की नाही, तेवढं आज कळणार होतं.

"हाई मोत्यानी." ही कुत्र्याची झाली. "आनि हाई भुरीनी."

भुरी म्हणजे मुंगूस. शेजारची लताबाई डाळ निवडता निवडता हसली. "मुंगूसले रोट? अक्का, तुम्हनं बठ्ठं न्यारंच शे."

"रोज मना ओटावर जेवस ती. मंग बाहेरनी कशी?"

त्यात खोटं काही नव्हतं. भिकुबाई ओट्यावर गोधडी शिवायला बसली की भुरी काटेरी कुंपणातून यायची. दूध-भाकरीची वाटी ठेवायची आणि मागे सरकायचं, असा दोघींचा करार होता. हातातून मात्र भुरीने कधी खाल्लं नाही. मग सारिका आली आणि सासूशेजारी बसून टाके घालू लागली. टाके कसले, कोंबडीने उकिरडा उकरावा तसे. भिकुबाई मुकाट्याने उसवायची. असं चाललं असताना एका सकाळी भुरीने सारिकाच्या तळहातावरची भाकरी खाल्ली. भिकुबाई बघतच राहिली. त्या दिवशी ती सुनेशी एक शब्द बोलली नाही. सारिकाला वाटलं, झालं, मुलगा नेला तो नेला, आता यांचं मुंगूसही नेलं.

भिकुबाईने हात झटकला, पदराला पुसला आणि गव्हाची पाटी जरा बाजूला सारली.

लताबाईला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "अक्का, सूननी मूठ?"

"तिनी आत्ते नही."

झुलालचे हात थांबले. लताबाईने मान खाली घातली आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली. सारिकाला रडू आलं. तिला त्या मुंगसाचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून लाजही वाटली. गहू सांडू नयेत म्हणून तिने सूप हळूच खाली ठेवलं आणि ती उठली.

"कथी चालनी?" भिकुबाईने तिचं मनगट धरलं, तिला खाली बसवलं आणि तिचा हात गव्हाच्या पाटीत घातला. "आम्हना घरमां बाई सोतानी मूठ सोता मोजत नही. गडी बी मोजत नही. घरमातली दुसरी बाई मोजस. पयली तू मनी मोज, मंग मी तुनी मोजसू."

सारिकाचा हात गव्हात तसाच राहिला. "मी मोजू? माझ्या हातची मूठ चालेल तुम्हाला?"

"रानना जीव तुना हातनं खास. मी बी खासू."

सारिकाने सुपाकडे पाहिलं. नवऱ्याची, मुलाची, कुत्र्याची, मुंगसाची, सगळ्यांची मूठ त्यात होती. भिकुबाईची नव्हती. मघापासून आपण फक्त आपलीच मूठ शोधत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिने डोळे पुसले आणि मूठ भरली.

"आई, आजवर तुमची मूठ कोण मोजायचं?"

भिकुबाई पडणाऱ्या गव्हाकडे बघत होती.

"सासू मोजे. ती गयी, तैपासून कोन्हीच नही."