नव्याचं पान

गोपाळ मयेकरच्या पत्राला वासू मास्तरांनी पाच वर्षं उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसले नाहीत असं नाही. पण ‘तुमचा काही दोष नाही’ या वाक्याशी आलं की हात थांबायचा. ते वाक्य त्यांना खरं वाटत नसे, आणि खोटं लिहिणं जमत नसे.

मुंबईच्या बॉम्बस्फोटांत त्यांचा मुलगा यशवंत गेला. त्याच्याच कचेरीतला गोपाळ एक पाय गमावून वाचला. पत्र त्याने इस्पितळातून लिहिलं होतं. बायकोला, बायजाला, मास्तरांनी तेव्हा ते अर्धंच वाचून दाखवलं होतं. यशवंत गुणी होता, सगळ्यांना त्याचा लळा होता, एवढंच.

पावसाळा सरला की बाजारकुणंग गावात लोक अंथरुणं उन्हात घालतात. मास्तरांच्या अंगणात पुस्तकं पसरतात. पुठ्ठ्यावरची बुरशी पुसताना बायजाच्या हाताला निळा कागद लागला. तिला अक्षर येत नव्हतं, पण कागद तिने ओळखला.

“ह्यो मुंबईचा न्हवं? वाचा की परत.”

मास्तर वाचू लागले आणि पूर्वीच्याच जागी थांबले. बायजाने कागदावर बोट ठेवलं.

“शाई हितवर हाय. तुमी तितंच थांबलासा.”

मग त्यांनी उरलेलं वाचलं. ‘त्या दुपारी आम्ही एकाच डब्यातून जेवलो. चहा सांगायला मी जाणार होतो. मी कंटाळा केला, म्हणून तो खाली गेला. मला चालता येऊ लागलं की तुम्हाला भेटायला येऊ का?’

बायजा पुस्तक पुसत राहिली. ती गोपाळला बोल लावील, निदान आपल्याला तरी, म्हणून मास्तर खाली मान घालून बसले.

“एका डब्यात जेवली व्हय दोघं?”

“हो.”

“काय हुतं डब्यात?”

मास्तरांनी पत्र उलटसुलट पाहिलं. ते लिहिलेलं नव्हतं.

“पाच वर्सं झाली. तुमी इचारलं न्हाईसा.”

नव्याला, म्हणजे नव्या तांदळाच्या जेवणाला, ती दरवर्षी यशवंताचं पान वाढायची. मागाहून ते गाईपुढे जायचं.

“औंदा त्या पानावर गोपाळाला बसू दे,” ती म्हणाली. “येऊन सांगंल, काय हुतं ते.”

कार्ड तेवढ्यात लिहून झालं. दोषाचं वाक्य त्यात आलंच नाही. ‘दिवाळीनंतरच्या सोमवारी आमच्याकडे नवं आहे. जेवायला या.’ पत्ता तोच असेल की नाही, या शंकेत मास्तर ते टाकायला जोयड्याला पोचले.

बसमधून उतरताना त्यांनी दांडा घट्ट धरला, तरी पाय जमिनीला लागेपर्यंत तोल गेलाच. टपालपेटीपाशी ते उभे राहिले. खिशातलं पेन काढून कार्डाच्या कडेला बारीक अक्षरांत त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

‘इकडच्या गाडीची पायरी उंच आहे. उतरवून घ्यायला मी स्टँडवर उभा असेन.’

ती दुसऱ्यांदा न वाचताच त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.