झाकणाची मूळ जागा

गटारावर झाकण बसलं. मंडळाने मात्र त्याच संध्याकाळी ठराव करून टाकला की असं काही घडलेलंच नाही. ठराव एकमताने झाला, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. झाकण बसलेलं नाही. ते सभागृहात आहे, व्यासपीठावर, पांढरी चादर घातलेल्या टेबलावर, आणि त्याला लाल फीत बांधलेली आहे.

दुपारचं जेवण चालू होतं. गटाराच्या झाकणासाठी निधी जमवायचं नागरिक मंडळाचं हे चौथं स्नेहभोजन. पहिल्याच जेवणाच्या पैशांत झाकण विकत घेऊन झालं होतं, पण ती जुनी गोष्ट. तेव्हापासून दरवर्षी त्याला नवा रंग लागतो, नगरसेवक येऊन फीत कापतात, टाळ्या होतात आणि झाकण परत मंडळाच्या कपाटात जातं. निधी सभागृहाचं भाडं, जेवण आणि रंग यांत संपतो. गटार सभागृहाच्या पायऱ्या उतरल्या की लगेच डाव्या हाताला आहे. उघडं. पाहुणे त्याला वळसा घालून जेवायला येतात.

पहिल्या रांगेतल्या एका टेबलावर ‘लाभार्थी’ अशी पाटी होती. तिथे कपडे शिवणारी एक बाई आणि तिचा दीर बसले होते. यंदा गटारात तिघे पडले. पैकी निवड तिच्या सासऱ्यांची झाली, कारण त्यांचा खुबा मोडला होता. बाकीचे दोघे नुसतेच भिजले होते. सासरे अंथरुणावर, म्हणून जेवायला सून आणि मुलगा. पडले तेव्हा नात त्यांचं बोट धरून चालली होती. त्यांनी बोट वेळेवर सोडवून घेतलं, म्हणून ती वर राहिली. उद्या शाळा होती आणि रस्ता तोच होता.

नगरसेवक भाषणाला उभे राहिले.

“चार वर्षांपूर्वी आपल्याकडे काय होतं? नुसतं भोक. आज भोकही आहे आणि झाकणही आहे. विकास विकास म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?”

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले. ते दरवर्षी याच वाक्याला पुसतात.

“आता लाभार्थी ताई दोन शब्द बोलतील,” अध्यक्ष म्हणाले. मग माईक हाताने झाकून तिला हळूच म्हणाले, “आभाराचेच.”

बाईने माईक घेतला.

“हे बसवत का नाही?”

सभागृहात चमच्यांचा आवाज थांबला. अध्यक्ष हसले. लहान मूल काहीतरी बोलून गेलं की पाहुण्यांसमोर हसतात, तसे.

“ताई, बसवलं तर पुढच्या वर्षी आपण जमायचं कशासाठी?”

“आणि रस्त्यावर ठेवायचं म्हणजे,” नगरसेवक म्हणाले, “चोरीला जाण्याची भीती. लोकांच्या पैशाची वस्तू आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“माझे सासरे पडले त्यात.”

“सासरे काय कोणी चोरून नेत नाही, ताई.”

हा विनोद होता. पुढच्या दोन टेबलांना तो कळला.

मशीनची सुई बोटात घुसली की माणूस आधी चाक थांबवतो. ओरडणं नंतर. बाईने माईक झाकणावर ठेवला. लोखंडावर तो खणकन वाजला आणि तो आवाज सभागृहभर घुमला.

“भाऊजी, उठा.”

“वहिनी, गोड यायचंय अजून.”

“तुमचे वडील पडलेत त्यात. उठा.”

दीर उठला. वाढप्याच्या हातातल्या ट्रेकडे त्याने एकदा पाहिलं, मग बाह्या वर केल्या. दोघांनी झाकण टेबलावरून खाली घेतलं, कडेवर उभं केलं आणि चाकासारखं लोटत नेलं. चादर, माईक आणि नगरसेवकांचा पाण्याचा ग्लास मागे खाली आले.

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. यंदा काहीतरी नवीन केलंय म्हणून त्यांनी खुर्च्या सरकवून वाट दिली. कोणीतरी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळेच उभे राहिले. फोटोवाल्याने दारात दोघांना थांबवलं. नगरसेवक जवळजवळ धावतच आले, झाकणावर हात ठेवून फोटोपुरते हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते दाराबाहेर चाललंय.

“अहो, फीत,” ते म्हणाले. “फीत कापायची राहिली.”

पायऱ्यांवरून झाकण आपलं आपणच उतरलं. धाड, धाड, धाड. खाली पोचून ते डावीकडे कलंडलं. दिराने पायाने सरकवलं आणि ते बसलं. चार वर्षांत कोणी मापसुद्धा घेऊन पाहिलं नव्हतं, तरी बरोबर बसलं. बाई त्यावर उभी राहिली, दोन्ही पाय जोडून. मग तिने एक उडी मारली. मग आणखी एक, आधीपेक्षा जोरात. दीर दोन पावलं मागे सरला.

मंडळाच्या उदारपणाची खबर रस्त्यावर पोचावी म्हणून सभागृहाच्या दारावर एक कर्णा लावलेला होता. तो खरखरला. अध्यक्षांना माईक सापडला असावा.

“सर्व संबंधितांस नम्र विनंती. मंडळाच्या मालकीचं झाकण अनवधानाने गटारावर बसलं आहे. त्यावर सध्या उभ्या असलेल्या भगिनींनी कृपया खाली उतरावं, झाकण स्वच्छ पुसून त्याच्या मूळ जागी, म्हणजे टेबलावर, आणून ठेवावं, आणि जाताना गटार पूर्ववत उघडं करून जावं.”