चिमूटभर विभूती

चेन्नईच्या कडेच्या तांबरमहून पहिलीच लोकल मिळाली म्हणून क्षमा तासभर आधी प्रयोगशाळेत पोचली, आणि जे पाहायला नको होतं ते तिनं पाहिलं. तिथले जुने मदतनीस, तंजावरी मराठी एकोजीअण्णा, चपला काढून तिच्या खलासमोर उभे होते. त्यांनी खलात तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले, डोळे मिटले, आणि तिनं काल तोलून ठेवलेली पूड त्यावर ओतून घोटायला घेतली.

महागड्या रुथेनियम धातूची शेवटची बाटली त्या पुडीत संपली होती. फेलोशिप महिनाअखेर संपत होती. नमुना जमला तर पीएच.डी., नाहीतर परत घरी, नाशिकला.

शिसं-कथलासारखे अतिवाहक धातू जरा कचरा चालवून घेतात; गारठवले की वीज विनातक्रार वाहते. क्षमाचा पदार्थ मात्र सोवळ्यातला. हजारात एखादा परका अणू शिवला की अतिवाहकता संपली. विभूतीत तर सगळे परकेच.

२००१पासून ती हा कचरा शोधत होती. तिनं केसांचं तेल सोडलं, तोंडाची पावडर सोडली, एक चांगलं स्थळही सोडलं, कारण मुलाची चुन्याची भट्टी होती. तरी दर नमुना आधीच्याहून वाईट.

तिनं दारातूनच विचारलं, हे कधीपासून.

"पहिल्या दिवसापासून," अण्णा घोटता घोटता म्हणाले. "वडपळनीच्या मुरुगनच्या देवळातली आहे. आधी नखभर लावत होतो. तुझं एकेक बिघडत गेलं, पावम वाटलं अम्मा, बिचारी पोर. मग वाढवत गेलो."

भिंतीवर तिच्या नमुन्यांचा आलेख टांगलेला होता, पाच वर्षं उतरत गेलेली रेघ. क्षमा ती पहिल्यांदाच नीट वाचत होती. ती अण्णांची माया होती, ठिपक्याठिपक्यानं मोजलेली.

बोलायला म्हणून ती खलापाशी गेली. पूड एकजीव झाली होती. वेगळं काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. अण्णांनी बत्ता थांबवला.

"यंदा तरी ऐकेल ना गं तो?"

"ऐकलंय त्यानं," क्षमा म्हणाली. "आता विभूती नको लावायला."

अण्णांचे डोळे भरून आले. मग नवस फेडायला हवा, असं पुटपुटत त्यांनी खिशातली विभूतीची पुडी सोडली आणि अख्खी खलात उलटी करून पुन्हा घोटायला घेतलं.

खल डळमळू नये म्हणून क्षमानं तो दोन्ही हातांनी धरला.