ओल्या कचऱ्यातली शिकवणी

सून प्रयोगशाळेतून घरी आली तेव्हा सासरेबुवा ओट्याशी उभे राहून अँटिबायोटिकची एक कॅप्सूल सोलत होते. आतली पूड ओल्या कचऱ्याच्या डब्यात, टरफल सुक्याच्या. कचरा वेगळा करावा तर त्यांनीच. चहाच्या पुरचुंडीचा दोरासुद्धा ते कात्रीने कापून निराळा टाकत.

पायाच्या अंगठ्याची सूज उतरली होती. दुखणं गेलं, मग औषध कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे हिशेबात त्यांना हरवायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की अर्ध्यावर सोडलंत तर सूज उलटेल, आणि मग हेच औषध लागू पडेल याची खात्री नाही.

दिवसभर सून प्रयोगशाळेत शहराच्या कचऱ्यातले जंतूच तर बघत होती. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिने मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. काचेच्या बशीत जंतूंची साय धरली होती आणि तिच्यावर औषधांच्या गोल टिकल्या ठेवलेल्या. बाकीच्या टिकल्यांभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडलं होतं. एकीला मात्र ते अगदी खेटून वाढले होते, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ऐसपैस.

"ही तुमच्या औषधाची, बाबा. घरोघरी लोक उरलेलं असंच टाकतात. कचऱ्यात ते जंतूंना थोडं थोडं मिळतं. लेचेपेचे मरतात, पुरून उरतात ते वाढतात."

सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे मी यांची फुकट शिकवणी घेत होतो?"

"हो. आणि सगळे पास झालेत."

"उभ्या जन्मात माझा एक वर्ग इतका हुशार निघाला नाही," ते म्हणाले. आवाजात थोडं कौतुकच होतं. एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं.

वाया गेलेली एक आपण दुकानातून आणू, असं ती म्हणाली. सासऱ्यांनी मान डोलावली, पाकिटातली पुढची कॅप्सूल काढली, अख्खी तोंडात टाकली आणि वर पेलाभर पाणी प्यायले.

"कॉपी नाही. तपासून घे," म्हणत त्यांनी सुनेपुढे आ वासला, आणि शहाण्या मुलासारखी जीभ वर उचलून दाखवली.